बायपास झाली, पेशंट घरी आला, आता पुढचे दहा आठवडे कसे काढायचे

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बायपास फेब्रुवारीच्या शेवटी संभाजीनगरला झाली आणि आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. हातात एक फाईल, औषधांची मोठी पिशवी, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र, आणि सिस्टरनं दोन मिनिटांत भराभर सांगितलेल्या पंधरा गोष्टी, ज्यातल्या लिफ्टपर्यंत जाईस्तोवर मला चारच आठवत होत्या. माझं सासर अंबाजोगाईचं, माहेर गेवराई तालुक्यात, सासूबाईंनी लेकरं सांभाळली म्हणून मी सव्वादोन महिने माहेरी राहू शकले. तेव्हा जे शिकले, जे चुकलं, जे फोन करकरून विचारलं ते इथं लिहितेय, म्हणजे पुढच्याला लिफ्टमधी रडायची पाळी नको. तुमच्या डॉक्टरनं वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, प्रत्येकाची केस वेगळी असते.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, ही कळली की बाकीचं अर्धं आपोआप कळतं. पेशंट घरी आला की सगळी भावकी हृदयाला जपायला लागते, चालू नका, बोलू नका, पडून ऱ्हावा. आणि तेच लोक पेशंटच्या काखेत हात घालून त्याला ओढून उठवतात. म्हणजे बरोबर उलटं. हृदयाचं काम सर्जननी करून दिलेलं असतं, पायाची नाहीतर छातीतली रक्ताची नळी काढून ब्लॉकेजच्या पुढं जोडलेली असते, त्या हृदयाला आता चालणं पाहिजे. घरच्यांनी जपायचं असतंय ते छातीचं हाड. ते हाड मधोमध उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात, त्या तारा जन्मभर आतच राहतात. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे, पक्कं व्हायला १२ आठवड्यांच्या आसपास लागतात, शुगरवाल्याला कधी जास्त. हात मोडला तर प्लास्टर घालतात, पण छातीला प्लास्टर कसं घालणार, श्वास घ्यायचाय ना. मग प्लास्टरचं काम आपल्या वागण्यानं करायचं.

घरी आणायच्या आधी

बाज काढून टाका. आमच्याकडं दादांची बाज म्हणजे जीव की प्राण, पण बाजेत माणूस खोल जातो आणि उठायला हाताचा जोर लावावा लागतो, तोच नकोय. गुडघ्याइतक्या उंचीचा लाकडी पलंग किंवा दिवाण, त्यावर घट्ट गादी. एक हातांची आणि पाठ टेकायची खुर्ची. संडास देशी असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलवाल्याकडं मिळते, विकत नको असेल तर भाड्यानं बघा, कारण उकिडवं बसणं आणि तिथून उठणं हे पहिल्या महिन्यात लई अवघड जातं. न्हाणीत प्लास्टिकचा स्टूल. वजनकाटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन. एक छोटी टणक उशी. आणि एक शंभर पानी वही, तिचं काम पुढं सांगते.

रोजच्या वस्तू, चष्मा, तांब्या, मोबाईल, गोळ्यांचा डबा, सगळं कमरेच्या उंचीला ठेवा. फळीवर नको, जमिनीवर नको.

गाडीतून घरी

संभाजीनगर ते आमचं गाव शंभरेक किलोमीटर, हायवे चांगला आहे, खड्डे लागतात ते गावच्या फाट्यापासून. पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅग उघडली तर थेट छातीवर येते. मागं बसवा, बेल्ट लावाच, पण बेल्ट आणि छातीच्या मधी ती उशी. तासाभरानं गाडी थांबवून दोन मिनिटं चालवा, नाहीतर पायात रक्त साकळायची भीती असते. आम्ही पाचोडला थांबलो, परत शहागडला पुलाच्या अलीकडं.

घरी पोचलो, मायनं ओवाळलं, आणि उंबऱ्यावर दादांचा पाय जरा अडखळला तसं एका चुलत्यानं मायेनंच पण काखेत हात घालून त्यांना वर उचललं. दादा असे ओरडले की सगळं अंगण गप झालं. हाडाला काही झालं नव्हतं, पण दोन दिवस दुखणं वाढलं. त्या दिवसापासून मी दारावर कागद चिकटवला: हाताला, काखेला धरू नये.

उठायचं कसं, बसायचं कसं

हे हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट दाखवतात, त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. पलंगावरून उठताना आधी दोन्ही गुडघे दुमडायचे, उशी छातीशी कवटाळायची, खांदे आणि कंबर एकदमच वळवून अख्खं अंग कुशीवर घ्यायचं, जसा ओंडका लोळतो तसं. मग पाय पलंगाखाली सोडायचे, पायांच्या वजनानं धड वर येतं. मदत करणाऱ्यानं पाठीमागून खांद्याच्या फऱ्याखाली सपाट हात ठेवून आधार द्यायचा, ओढायचं अजिबात नाही. बसल्यावर मिनिटभर तसंच थांबायचं, कारण बीपीच्या गोळ्या चालू असतात, एकदम उठलं की चक्कर येते.

खुर्चीतून उठताना पुढं सरकायचं, पाय गुडघ्याच्या मागं घ्यायचे, पुढं झुकायचं आणि मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. दादांना पहिल्यांदा जमेना, सगळं आयुष्य हात टेकून उठण्यात गेलेलं. मग नातवानं युक्ती काढली, आजोबा, हाताची घडी घालून उठायचा गेम खेळू. तिसऱ्या दिवशी जमलं.

खाली मांडी घालून बसणं दोन-तीन महिने बंद. पायाची नस काढली असेल तर पायावर पाय टाकून बसणंही बंद. त्या पायाला सूज येते, बसलं की पाय उशीवर घ्यायचा, मोजे दिले असतील तर दिवसा घालायचे आणि रात्री काढायचे.

वजनाचं सांगायचं तर साधारण ५ किलोच्या आत असं म्हणतात, आम्ही दोन-तीन किलोच्या वर काही हातात दिलं नाही. पाण्याची भरलेली बादली १५ किलो असते हे माणसाच्या ध्यानात येत नाही. घागर नाही, नातू कडेवर नाही, हातपंप नाही, शटर ओढणं नाही, कुलरमधी पाणी टाकणं नाही, वासराचं दावं धरणं तर नाहीच नाही, वासरू हिसका देतं तेव्हा विचारून देत नाही. पण म्हणून हात बांधूनही ठेवू नका. केस विंचरणं, शर्ट घालणं, खांदे हळूहळू गोल फिरवणं हे करत ऱ्हायचं, नाहीतर खांदे आखडतात. फक्त एका हातानं जोर लावून ओढाओढ नको.

खोकला, शिंक, हसू आलं की उशी दोन्ही हातांनी छातीवर दाबून धरायची. आणि खोकला दाबायचा नाही, कफ बाहेर आलाच पाहिजे. ते गोळ्यांचं यंत्र, बहुतेक लोक त्याला फुंकणी समजून फुंकतात, आम्हीही एक दिवस तेच केलं. ते फुंकायचं नसतं, हळूहळू श्वास आत ओढायचा, गोळ्या वर तरंगत ठेवायच्या आणि दोन-तीन सेकंद श्वास रोखायचा. जागं असताना दर तासाला दहा वेळा. मुंबईच्या एका नातेवाइकानं विचारलं, एवढं कशाला? अहो, फुफ्फुसाचा खालचा भाग पडून पडून मिटतो आणि तिथं न्यूमोनिया होतो.

जखम

आमच्याकडं जखम म्हणलं की हळद. मायनं वाटीत हळद-तेल कालवलंसुद्धा होतं. नाही लावायचं. हळद, तेल, पावडर, कुठलं घरगुती मलम, काही नाही. डॉक्टरनं परवानगी दिली की कोमट पाण्यानं, साध्या साबणानं, हातानंच हलकं धुवायचं, घासायचं नाही, स्वच्छ टॉवेलनं टिपून कोरडं करायचं. पाण्याचा जोराचा फवारा छातीवर नको, विहिरीत नाहीतर कॅनॉलमधी उतरणं तर विसराच. बघणाऱ्यानं रोज चांगल्या उजेडात जखम बघायची, आणि हात आधी धुवायचे.

घाबरून जाऊ नये अशा दोन गोष्टी, कारण मी घाबरले होते. जखमेच्या वरच्या टोकाला, गळ्याखाली, एक छोटी गाठ येते, ती काही आठवड्यांत बसते. आणि छातीतली नळी वापरली असेल तर छातीची डावी बाजू बधिर किंवा झिणझिणल्यासारखी राहते, महिनोनमहिने. पण छातीत हाड हललं असं वाटणं, कूस बदलताना कट्-कट् आवाज येणं, हे साधं नाही, त्याच दिवशी दवाखान्याला फोन.

गोळ्या आणि ती वही

इथं आमची सगळ्यात मोठी चूक झाली, म्हणून जरा सविस्तर. ऑपरेशनच्या आधीच्या गोळ्या घरात होत्याच. नव्या पिशवीत एक कॅप्सूल होती, तिच्यात रक्त पातळ करायची दोन औषधं आणि कोलेस्टेरॉलचं एक, असं तिन्ही एकत्र. आणि माय जुन्या डब्यातली क्लोपिडोग्रेल वेगळी देत होती, रोजच्यासारखी, प्रेमानं. तीन दिवस दुप्पट गेली. ब्रँडचं नाव वेगळं, रंग वेगळा, कुणाला कळणार? मी वहीत लिहायला बसले तेव्हा पट्टीच्या मागं बारीक अक्षरात तेच नाव दिसलं. लगेच हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी जुनी बंद करायला सांगितली. नशीब चांगलं, कुठं रक्त आलं नाही.

तर असं करा. जुन्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत बांधून कपाटात टाका आणि पहिल्या फॉलोअपला घेऊन जा. वहीत प्रत्येक गोळीचं ब्रँडचं नाव न लिहिता आतल्या औषधाचं नाव लिहा, कशासाठी, किती वाजता, जेवणाआधी का नंतर. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल नळ्या बुजू नयेत म्हणून, अॅटोर्वास्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, मेटोप्रोलॉल ठोके आणि बीपी आटोक्यात ठेवायला, लघवीची गोळी अंगातलं पाणी काढायला. बरं वाटलं म्हणून यातली एकही स्वतःहून बंद करायची नाही. एखादी राहिली तर दुसऱ्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. ज्यांची हृदयाची झडप बदलली आहे आणि वॉरफरिनसारखी गोळी चालू आहे त्यांनी आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची, तपासणी चुकवायची नाही आणि पालेभाजी रोज साधारण सारखीच खायची, एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही असं नको.

दुखण्यावरून एक महत्त्वाचं. पाठ, खांदे, मान, छातीपेक्षा हेच जास्त दुखतं. गावात लगेच सल्ला येतो, एक इंजेक्शन टोचून घ्या, तासात मोकळं. ते इंजेक्शन बहुतेकदा डायक्लोफिनॅकचं असतं. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधं घ्यायची नसतात, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचा धोका वाढतो, किडनीवरही ताण येतो. लिहून दिलेली पॅरासिटामॉल वेळेवर द्या, दुखून बेजार व्हायची वाट बघू नका, कारण दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. काढा, भस्म, कुणाच्या ओळखीची जडीबुटी, हेही विचारल्याशिवाय नाही.

वहीत अजून काय? रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेच धोतर-बंडी घालून वजन. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वजन चढलं तर ते अंगात पाणी साठल्यानं असतं, फोन करायचा. ताप, बीपी, नाडी, शुगर असेल तर शुगर, आणि किती मिनिटं चाललो. शुगर ताब्यात नसली की जखम भरत नाही, पिकते, तिथं लाड नको.

चालणं

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, ओसरीवरच. मग दर दोन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवायची, असं करत चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत एका दमात अर्धा तास. वेग मोजायची सोपी युक्ती म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मधीच तुटायलं तर हळू व्हा. दम, छातीत दुखणं, चक्कर, घाम, काहीही झालं की थांबा, बसा.

आमचा मार्च-एप्रिल म्हणजे काय सांगावं, सकाळी नऊलाच ऊन पाठीत शिरतं. सहाच्या आत निघायचं नाहीतर दिवस मावळल्यावर. जेवल्या जेवल्या नाही, तासभर जाऊ द्यायचा. लघवीची गोळी आणि ऊन एकत्र आलं की माणूस गळतो, पण पाणी किती प्यायचं हे डॉक्टरला विचारूनच, काहींना दिवसाचं मोजून दिलेलं असतं.

खाणं

पहिले दोन-तीन आठवडे भूक नसते, तोंडाला धातूसारखी चव येते. माय रडकुंडीला, "काहून खाईनात हे?" थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. हाड आणि जखम भरायला प्रोटीन लागतं, ही वेळ उपासाची नाही, एकादशीला साबुदाणा तर अजिबात नको. ज्वारीची भाकरी उत्तमच आहे, ती सोडायची गरज नाही. घट्ट वरण, मटकी-हुलग्याची उसळ, ताक मीठ न टाकता, अंड्याचं पांढरं, खात असतील तर मासे. तेल आपलं करडईचं चालतं, पण माणशी दिवसाला तीन-चार चमचे, फोडणीत ओतायचं नाही. वनस्पती तूप आणि तळण बंद.

खरी लढाई मिठाशी. अख्ख्या दिवसाचं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. मी सकाळी एका डबीत दादांचं मीठ मोजून काढायची, त्यातूनच सगळं. ठेचा, लोणचं, पापड, शेव, खारे शेंगदाणे यांच्यात मीठ दडलेलं असतं. ठेच्याशिवाय घास उतरेना तेव्हा हिरवी मिरची-लसूण तव्यावर भाजून, शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू पिळून बिनमिठाचा केला. दादा म्हणले, "हे काय ठेचा हाय का?" पण खाल्ला.

बद्धकोष्ठ हमखास होतं, दुखण्याच्या गोळ्यांनी आणि पडून राहिल्यानं. कुंथायचं नाही, छातीवर ताण येतो. इसबगोल किंवा लिहून दिलेलं औषध, पपई, चालणं. आणि तंबाखू. ऑपरेशनच्या निमित्तानं सुटलेली परत भेटायला येणाऱ्याच्या खिशातून येते, हे मी डोळ्यानं बघितलंय. मी सरळ पुडी मागून घ्यायची आणि जाताना परत द्यायची, लोक रागावले, रागावू द्या.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? दुपारी चार ते पाच, दोघं-दोघं, सर्दी-खोकलावाला नाही, पलंगावर बसायचं नाही. आणि "अमक्याची पण बायपास झाली होती, महिन्यात गेला" ही गोष्ट सांगणाऱ्याला चहा न देता वाटेला लावायचं.

झोप आणि मन

पाठीवरच झोपायचं, डोक्याखाली दोन उश्या, साधारण चार-सहा आठवडे, कुशीवर कधी ते विचारून. झोप तुटते, विचित्र स्वप्नं पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दादा गप गप बसायले, टीव्हीवर कीर्तन लागलं की डोळ्याला पाणी, आणि एकदा मायवर भाकरी फेकली. या माणसानं जन्मात असं केलं नव्हतं. बायपासनंतर उदास वाटणं, चिडचिड, विसरभोळेपणा हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं. देवदेवस्की करू नका. दिवसा झोप कमी, सकाळी दाढी-आंघोळ करून धुतलेले कपडे, आणि एखादं हलकं काम. दादांना आम्ही ज्वारी काढणीच्या मजुरांचा हिशोब दिला, पलंगावरून. पण दोन आठवडे झाले तरी उठत नाही, जेवत नाही, मरणाचं बोलतो असं असेल तर डॉक्टरला सांगा, त्याला औषध आहे.

कधी वाट बघत बसायचं नाही

१०८ ला लगेच: ऑपरेशनच्या आधीसारखं छातीत दुखणं, बसल्याजागी दम, बेशुद्ध पडणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं.

त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन: १००.४ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वास, लाली पसरणं, आडवं झाल्यावर दम लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी संडास, छाती एकदम धडधडणं आणि ठोके वेडेवाकडे पडणं. हे शेवटचं पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं, औषधानं आटोक्यात येतं, पण घरी बसून बघत बसायचं नसतं. हॉस्पिटलचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमधी, आणि भिंतीवरही.

ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं असेल तर निघायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला, विचारा की नंतरच्या तपासण्या आणि औषधांचा फॉलोअप योजनेत बसतो का. काही ऑपरेशनांना तो असतो आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

सहा आठवड्यांनंतर

कार चालवणं चार-सहा आठवड्यांनी, डॉक्टरनं हो म्हणल्यावर. मोटारसायकल मात्र आमच्या रस्त्यांवर तीन महिने नकोच, मागं बसूनसुद्धा आधीचे दोन महिने नको. दुकानात, ऑफिसात बसायचं काम सहा-आठ आठवड्यांनी. शेतातलं अंगमेहनतीचं, पोतं उचलणं, खोरं, औत, ट्रॅक्टर, हे तीन महिन्यांच्या पुढं आणि तेही हळूहळू. नवरा-बायकोच्या संबंधांचं कुणी विचारत नाही म्हणून लिहिते, दोन जिने दम न लागता चढता आले की साधारण हरकत नसते, फक्त हातांवर भार नको, आणि जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या चुकूनही नाही, बीपी एकदम खाली जातं.

दहाव्या आठवड्याला आम्ही परत संभाजीनगरला गेलो. इको झाला, ईसीजी झाला, डॉक्टर वही बघून हसले. दादांनी सगळ्या तपासण्या होईस्तोवर तोंड उघडलं नव्हतं, शेवटी एकच विचारलं, "साहेब, आषाढीला दिंडीत चालता येईल का?" डॉक्टर म्हणले, आधी रोज पाच किलोमीटर दम न लागता चालून दाखवा, मग बोलू. सध्या ते साडेतीनवर आहेत. वही आता तेच लिहितात, आणि मिठाच्या डबीवर मायची नजर नसली की चिमूटभर जास्त घेतात, तेही लिहितात.